पाठकोऱ्या कागदाचा हिशेब

हल्ली कचेऱ्यांतून येणाऱ्या ई-पत्रांच्या तळाशी हिरव्या अक्षरांत एक ओळ असते. गरज असेल तरच छापा, कागद वाचवा, झाडे वाचवा, अशा आशयाची. ओळ निरुपद्रवी आहे आणि तिच्यामागचा हेतू चांगला आहे, हे मान्य करूनही ती मला खटकते. खटकण्याचे एक कारण असे की, ज्या कचेरीतून अशी पत्रे येतात त्याच कचेरीच्या खिडकीशी प्रत्यक्ष गेल्यास एकाच कागदाच्या तीन-तीन साक्षांकित प्रती मागितल्या जातात. पण ते गौण. मुख्य कारण हे की, कागद वाचवल्याने नेमके काय वाचते आणि किती वाचते, हे त्या ओळीला ठाऊक नसते. उपदेश आहे, हिशेब नाही. हिशेब मांडला तर काही समजुती उलट्यापालट्या होतात असे मला वाटते. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो जळगाव-धुळ्याच्या परिसरातली उदाहरणे घेऊन केला आहे. या भागाचा कागदाशी संबंध जुना आहे, आणि या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू इथे शेजारी-शेजारी सापडतात.

प्रथम शब्दाविषयी. 'कार्बन फूटप्रिंट'ला मराठीत 'कार्बन पाऊलखुणा', 'कार्बन पदचिन्ह' असे प्रतिशब्द रुळू लागले आहेत. पाऊलखूण हा शब्द सुरेख आहे, पण इथे मोजायचे असते ते वजन. एखादी वस्तू घडवताना, वाहून नेताना, वापरताना आणि टाकून देताना जे तापवणारे वायू हवेत जातात त्यांचे कार्बन डायऑक्साइडच्या मापात केलेले वजन, इतकाच याचा अर्थ. म्हणून या लेखापुरता मी 'कर्बभार' हा शब्द वापरतो.

आता मोजणी. ए-फोर आकाराचा कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्श्याइतका. नेहमीचा कागद चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा असतो. तेव्हा एक पान साधारण ४.७ ग्रॅमचे झाले, आणि पाचशे पानांचे रीम सव्वादोन किलोहून थोडे अधिक. कागदाचे वजन असे सहज निघते. अवघड भाग पुढचा आहे : एक किलो कागदामागे किती कर्बभार धरायचा?

कागद बनवताना सर्वांत जास्त ऊर्जा जाते ती लगदा शिजवण्यात आणि ओला कागद वाळवण्यात. लगदा म्हणजे बव्हंशी पाणीच. ते दाबून काढता येईल तितके काढतात, उरलेले वाफेने तापवलेल्या रुळांवर उडवावे लागते. ही वाफ आपल्याकडे मुख्यतः कोळशावर तयार होते. एक टन कागदामागे एक टन कोळसा जळतो असे धरू. आपल्या कोळशात राखच इतकी असते की शुद्ध कार्बन वजनाच्या सुमारे ४० टक्केच भरतो. एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, तेव्हा एक किलो कोळशातून दीड किलोच्या आसपास. त्यात रसायने, बाहेरून घेतलेली वीज, वाहतूक मिळवली की आकडा दोन किलोच्या खालीच, पण दोनकडे झुकलेला राहतो. युरोपातल्या हिशेबांत किलोमागे साधारण एक किलो धरतात. मी मुद्दाम दोन धरतो. संशयाचा फायदा कागदाला द्यायचा नाही.

वाहतुकीविषयी एक गैरसमज इथेच दूर करू. ट्रक टनामागे दर किलोमीटरला साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाचशे किलोमीटरवरून आलेल्या एक किलो कागदावर वाहतुकीचा भार पडतो अवघा ५० ग्रॅम. दोन किलोंच्या हिशेबात हा चाळिसावा भाग आहे. कागद दुरून आला यापेक्षा तो कसा वाळवला, हे कितीतरी महत्त्वाचे.

आता जळगाव वा धुळे शहरातले चार माणसांचे एक मध्यमवर्गीय घर घेऊ. रोज सोळा पानांचे एक वर्तमानपत्र, वजन सुमारे ७० ग्रॅम. वर्षाचे झाले २५ किलो. दोन मुलांच्या डझन-डझन मोठ्या वह्या, दोनशे पानी वही ३०० ग्रॅमची धरली तर सात किलो. पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके पाच किलो. दुकानांतून आणि घरपोच येणारी खोकी, पुठ्ठे, पुड्या मिळून दहा किलो. दिनदर्शिका, बिले, निमंत्रणे, झेरॉक्सच्या प्रती तीन किलो. एकूण ५० किलो. माणशी साडेबारा किलो. भारताचा दरडोई वार्षिक वापर सुमारे १५ किलो सांगितला जातो आणि जगाची सरासरी त्याच्या साडेतीन-चारपट आहे, त्याअर्थी आपला अंदाज फार भरकटलेला नाही.

या ५० किलोंचा कर्बभार १०० किलो. हा मोठा की लहान? त्याच घराची दुसरी खाती पाहू. घरगुती गॅसचे सिलिंडर १४.२ किलोचे. ते जळून ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. वर्षाला आठ सिलिंडरांचे ३३६ किलो. महिना शंभर युनिट विजेचे वर्षाला बाराशे युनिट. देशातल्या विजेचा कर्बभार युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे, म्हणजे ८४० किलो. (भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमण्या ज्यांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.) दुचाकीला वर्षाला २०० लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, एकूण ४६० किलो. तिन्ही खात्यांची बेरीज १६३६ किलो. तिच्याशेजारी कागदाचे १०० किलो ठेवले तर ते एकंदरीच्या शेकडा सहाच्याही आत बसतात, आणि तेही आपण आकडा मुद्दाम चढा धरल्यावर. वर्षभर वर्तमानपत्र घेण्याचा भार एका सिलिंडरपेक्षा थोडासा जास्त आहे.

याचा अर्थ कागदाचा प्रश्नच नाही असा नव्हे. अर्थ इतकाच की, मुलाने वहीचे पान फाडले म्हणून त्याला पृथ्वीच्या नावाने रागे भरणे हा प्रमाणाचा विसर आहे. वहीचे पान वाया घालवू नये याची कारणे वेगळी आहेत, ती नैतिक आहेत, आणि ती आपल्या आजोबांना कर्बभार ठाऊक नसताना ठाऊक होती. पाठकोरा कागद हा शब्दच त्याची साक्ष आहे. एका बाजूला लिहिलेला, पाठीला कोरा. असे कागद खिळ्याला टोचून ठेवले जात आणि हिशेब, याद्या, चिठ्ठ्या त्यांच्या पाठीवर उतरत. संपलेल्या महिन्याचे दिनदर्शिकेचे पान दुधाच्या हिशेबाला आजही कामी येते.

मोठे आकडे शोधायचे तर ते घराच्या रोजच्या वापरात नाहीत, प्रसंगात आहेत. लग्नाची एक पत्रिका, पाकीट धरून, ५० ग्रॅमची असते. आपल्याकडे हजार पत्रिका छापणे ही चैन मानली जात नाही. हजार पत्रिकांचे वजन ५० किलो, कर्बभार १०० किलो. म्हणजे त्या घराने वर्षभर वर्तमानपत्रे, वह्या, पुस्तके, खोकी यांत जेवढा कागद वापरला तेवढा एका दिवसासाठी. शिवाय पत्रिकेला चकचकीत मुलामा आणि सोनेरी वर्ख असला की ती रद्दीच्याही कामाची राहत नाही, कारण तो थर लगद्यात विरघळत नाही. आता मोबाइलवर निमंत्रण पाठवता येते, तसे पाठवलेही जाते, पण त्यानंतर पत्रिकाही छापली जाते. पत्रिका आली नाही म्हणून लग्नाला न जाणारी माणसे खानदेशात अजून आहेत आणि त्यांचा मान कुणाला मोडायचा नसतो. हा प्रश्न कागदाचा नाही, मानापानाचा आहे. मान पन्नास ग्रॅमऐवजी पोस्टकार्डाच्या आकारात मावेल अशी रीत पाडणे कठीण असले तरी अशक्य नसावे.

दुसरा मोठा आकडा कचेरीतला. मराठीत 'कागदी घोडे नाचवणे' असा वाक्प्रचार आहे. या घोड्यांचे वजन करू. एखाद्या योजनेच्या अर्जाला वीस पानांच्या प्रती जोडायच्या आहेत. त्यांचे वजन ९४ ग्रॅम, कर्बभार सुमारे १९० ग्रॅम. किरकोळ वाटते. पण अर्जदार शिरपूर तालुक्यातला असेल आणि अर्ज धुळ्याला द्यायचा असेल तर जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात. दुचाकीला दोन लिटर पेट्रोल लागले, ४.६ किलो कार्बन डायऑक्साइड झाला. कागदाच्या भाराच्या चोवीसपट. तिथे गेल्यावर कळते की एक प्रत राहिली, पुन्हा या. ४.७ ग्रॅमच्या एका पानासाठी आणखी ४.६ किलो. वजनाच्या हिशेबाने हे प्रमाण हजारास एक पडते!

माझ्या मते या सगळ्या हिशेबातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कागदाचा खरा भार कागदात नसतो, त्या कागदासाठी माराव्या लागणाऱ्या खेपेत असतो. आणि ती खेप ज्याला मारावी लागते त्याचा दिवसाचा रोज बुडतो, हा भार तर कुठल्याच मापात येत नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. तो संगणकावर पाहता येतो, पडताळता येतो. पण तो मागणारा जर त्याची छापील प्रतच मागत असेल, तर सुधारणा अर्ध्यावर राहिली. तेव्हा ई-पत्राच्या तळाची हिरवी ओळ पाठवणाऱ्यांनी ती स्वतःच्या खिडकीवर लावावी : जी प्रत आमच्याकडे आहे ती पुन्हा मागणार नाही. एवढ्या एका वाक्याने जितका कर्बभार कमी होईल तितका लाखो मुलांनी वहीची पाने जपून होणार नाही.

धोरण आखताना हिशेब आधी न केल्याचे आणखी एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून राज्याच्या काही इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांतच वहीसारखी कोरी पाने जोडली गेली. मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली. पुस्तके जाड झाली, ओझे हटले नाही, आणि २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. हेतू वाईट नव्हता. पण वही ही वस्तू मुलाच्या हातात कशी वापरली जाते, हे कुणी आधी पाहिले नव्हते.

आता 'झाडे वाचवा' या भागाकडे येऊ. एक टन कागदाला सतरा झाडे, हा आकडा आपण सगळ्यांनी भिंतींवर वाचला आहे. तो परदेशातल्या विशिष्ट झाडांचा आणि विशिष्ट पद्धतीचा आहे. भारतात आज बनणाऱ्या कागदाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग रद्दीपासून बनतो. काही भाग उसाच्या चिपाडासारख्या शेतमालाच्या अवशेषांपासून, आणि उरलेला लाकूड-बांबूपासून. हे लाकूडही बव्हंशी शेतकऱ्यांनी लावलेल्या सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांचे असते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने कारखान्यांना आपला कच्चा माल जंगलाबाहेरून, शेतकऱ्यांकडून मिळवायला सांगितले, त्याचा हा परिणाम.

पण त्याआधीचा इतिहास विसरता येत नाही. जळगावहून खंडव्याकडे जाताना रावेर, बऱ्हाणपूर मागे टाकले की नेपानगर लागते. देशातली वृत्तपत्री कागदाची पहिली गिरणी ती. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आसपासच्या जंगलातला सालई आणि बांबू ही तिची सामग्री. सालई हे मऊ लाकडाचे, सरपणालाही फारसे न पुरणारे झाड. त्याचा कागद होतो हे त्या काळी मोठे कौतुकाचे होते. पुढे यंत्रे जुनी झाली, २०१६ मध्ये उत्पादन थांबले, आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली ती रद्दीवरची शाई काढून तिचा लगदा करणारी यंत्रणा घेऊन. सालईपासून रद्दीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे आपल्या कागदधंद्याचा संक्षिप्त इतिहासच आहे. त्या इतिहासात न्याय-अन्यायाचेही एक पान आहे. कर्नाटकात एका कागदगिरणीला सरकारी जंगलातला बांबू टनामागे दीड रुपया दराने मिळत असे, तर टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात त्यासाठी शेकडोपटीने अधिक मोजावे लागत, हे माधव गाडगीळ यांनी लिहिले आहे. कर्बभाराच्या मापात हा फरक दिसत नाही. म्हणून ते माप उपयुक्त असले तरी पुरेसे नाही.

रद्दीपासून केलेला कागद म्हणजे भारमुक्त कागद, असेही समजू नये. लाकडापासून लगदा करणाऱ्या गिरणीत उरणारे काळे द्रावण जाळून ती आपली बरीचशी वाफ स्वतः मिळवते. रद्दीवर चालणाऱ्या गिरणीला ते द्रावण मिळत नाही, तिला वाफेसाठी कोळसाच घ्यावा लागतो. तेव्हा झाड वाचते, पण कोळसा वाचेलच असे नाही. रद्दीचा मोठा फायदा दुसराच : ती उकिरड्यावर हवेवाचून कुजली तर मिथेन सोडते, आणि मिथेनची तापवण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. दारावर तराजू घेऊन येणारा रद्दीवाला हे टाळतो. पर्यावरणाच्या चर्चासत्रांत त्याला बोलावत नाहीत, पण आपल्या शहरांतला सर्वांत जुना पर्यावरणरक्षक तोच आहे.

कोळशावाचून कागद होत नाही का? होत असे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात होत असे. इम्पीरियल गॅझेटियरमध्ये एरंडोल आणि यावल या दोन्ही गावांची नोंद जाड्याभरड्या देशी कागदासाठी पूर्वी प्रसिद्ध अशी आहे. एरंडोलला तो धंदा तेव्हाही थोडाफार तग धरून होता. देशी कागदाची सर्वसाधारण रीत अशी : चिंध्या, ताग, जुने दोर चुन्यात आणि खारात भिजवायचे, पायाने चालवायच्या ढेकीखाली कुटायचे, नदीत धुवायचे, हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चिकेवर त्याचा पातळ थर उचलायचा, भिंतीवर चिकटवून उन्हात वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. अंजनीचे पाणी, खानदेशचे ऊन आणि माणसाचे पाय एवढीच काय ती ऊर्जा. कागद वाळवण्याचे जे काम गिरणीत कोळसा करतो ते एरंडोलला वैशाखाचे ऊन फुकट करीत असे.

हे वाचून कुणी एरंडोलच्या कागदाकडे परत चला म्हणेल तर मी त्याच्याबरोबर नाही. १८६० च्या दशकात आगगाडी खानदेशात आली, गिरणीचा स्वस्त कागद गावोगाव पोहोचू लागला आणि हा धंदा मोडला. कागदी मंडळींचे त्यात नुकसान झाले हे खरे. पण त्या स्वस्त कागदानेच शाळा, वर्तमानपत्रे आणि मासिके शक्य केली. केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावात सुरू केले आणि ते १९३५ पर्यंत चालले. ढेकीने कुटलेल्या महाग कागदावर ते चालणे अवघड होते. स्वस्त कागदाची किंमत हवेने मोजली आणि लाभ मराठी कवितेने घेतला, असे हे गुंतागुंतीचे खाते आहे.

केळीच्या खोडापासून कागद, ही बातमीही आपल्याकडे अधूनमधून येते. रावेर-यावलच्या बागांतून घड उतरल्यावर खोडे वाया जातात, तेव्हा कल्पना मोहक आहे. पण खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि शंभर किलो खोडातून धागा मिळतो एक किलोच्या आसपास. ती शंभर किलो खोडे पन्नास किलोमीटर नेली तर केवळ ट्रकचा भार धाग्याच्या किलोमागे अर्धा किलो होतो. म्हणजे हे काम करायचे तर बागेच्या बांधावर, धागा तिथेच काढून. दूरच्या कारखान्यात खोडे नेऊन नव्हे. असा हिशेब करूनही ते जमेल, पण हिशेबाशिवाय केले तर हिरव्या नावाखाली डिझेलच जळेल.

शेवटी मूळ प्रश्न : कागदाचा भार कशाने भागायचा? आतापर्यंत आपण वजनाला दोनाने गुणले. भागाकार केलाच नाही. तीनशे ग्रॅमच्या पुस्तकाचा भार ६०० ग्रॅम. ते एकाने विकत घेऊन कपाटात ठेवले तर सगळा भार त्याचा. पण तेच पुस्तक जळगावच्या व. वा. वाचनालयातून किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयातून शंभर जणांनी नेले तर वाचकामागे सहा ग्रॅम. एका झेरॉक्सच्या पानापेक्षाही कमी. याउलट पत्रिका, जाहिरातीचे चिठोरे, कुणीच न वाचणारा वार्षिक अहवाल यांचा भाजक एक किंवा शून्य. कागद किती वापरला यापेक्षा तो किती जणांनी, किती काळ वापरला, हा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो.

या कसोटीवर धुळ्याइतके श्रीमंत शहर महाराष्ट्रात क्वचित असेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघर वाळवीच्या आणि रद्दीच्या तोंडातून सोडवलेली दप्तरे, त्यांतून १८९८ पासून छापले गेलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाल्यावर उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ. या रुमालांतला कागद शतकांपूर्वीचा. त्याचा भार केव्हाच फिटला, उपयोग अजून चालू आहे. त्याच गावच्या तुरुंगात १९३२ मध्ये दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. अठरा प्रवचने, काही वह्यांचा कागद. त्यातून 'गीता प्रवचने' झाले आणि ते अनेक भाषांत गेले. इकडे जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात उमटून हवेत विरत. सोपानदेव आणि घरच्यांनी त्या कागदावर टिपून ठेवल्या, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. त्या टिपणवहीचे वजन पाव किलो धरा, अर्धा किलो धरा. तेवढा कागद कुणी वाचवला असता तर मराठीचे काय झाले असते, हे सांगायला नको.

आणि म्हणूनच दरडोई कागद कमी म्हणजे पर्यावरण चांगले, हे समीकरण मला मान्य नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या पाड्यांवर अशी घरे आहेत जिथे वर्षाकाठी दोन-चार किलोही कागद येत नाही. तिथे वर्तमानपत्र नाही, गोष्टीचे पुस्तक नाही, मुलाच्या दप्तरात मोजक्या वह्या. कर्बभाराच्या तक्त्यात हे घर आदर्श ठरेल. ते आदर्श नाही, वंचित आहे. त्या मुलाला वर्षाला पाच किलो पुस्तके मिळाली तर हवेत दहा किलो कार्बन डायऑक्साइड जाईल, म्हणजे साडेचार लिटर पेट्रोलइतका. शहरातल्या एका घराने महिन्यातून एकदा दुचाकी घरी ठेवली तर तो वर्षभरात भरून निघतो. हा सौदा ज्याला महाग वाटतो त्याने आपली तराजू तपासावी.

हाच न्याय पडद्यावरच्या वाचनालाही लावावा. मोबाइल पूर्ण भरायला दहा-पंधरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो, वर्तमानपत्राच्या एका अंकाला १४० ग्रॅम. रोजच्या हिशेबात मोबाइल जिंकतो. पण तो घडवतानाच पन्नास-साठ किलोंचा भार पडलेला असतो, आणि दर दोन वर्षांनी तो बदलला तर वर्तमानपत्राशी अंतर फारसे उरत नाही. शिवाय अंक घरातले चौघे वाचतात, मग तो कपाटात अंथरला जातो, आणि शेवटी तराजूत जातो. खाद्यपदार्थांच्या पुडीला मात्र त्याचा वापर करू नये, छपाईच्या शाईमुळे २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी तो मना केला आहे आणि ते योग्यच आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. कागदाचा कर्बभार मोजावा, जरूर मोजावा. पण मोजल्यावर तो जिथे खरोखर आहे तिथे बोट ठेवावे : गिरणीच्या कोळशावर, कचेरीच्या खिडकीवर, मांडवातल्या पत्रिकांवर. मुलाच्या वहीवर आणि वाचनालयाच्या पुस्तकावर नव्हे. आकडे माझे ढोबळ आहेत, कुणाला दोनाऐवजी दीड धरावासा वाटला तर त्याने तो धरावा. निष्कर्ष बदलत नाही. हे टिपण मीही आधी पाठकोऱ्या कागदांवरच केले. एका बाजूला कुठल्याशा अर्जाची नामंजूर झालेली प्रत होती. पाठ कोरी होती, तिचा हा उपयोग झाला.